असई : पराभवाच्या एका स्पष्टीकरणाची तपासणी

पानिपताने मराठी भाषेला वाक्प्रचार दिला. परीक्षेत नापास झालेल्या मुलापासून निवडणुकीत अनामत गमावलेल्या उमेदवारापर्यंत कोणाचेही ‘पानिपत’ होऊ शकते. असईने भाषेला असे काहीच दिले नाही. राजकीय परिणाम तोलून पाहिले तर हे उलटे वाटते. पानिपतानंतर दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या आणि १७७२ च्या जानेवारीत शाह आलम बादशहा महादजी शिंद्यांच्या पाठबळावर आपल्या राजधानीत परतला. १८०३ च्या ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांत जे गेले, त्यातले महत्त्वाचे काही परत आले नाही. दिल्ली गेली, दुआब गेला, कटक गेले, वऱ्हाड गेले. जे घडून गेले होते त्याचा शेवट १८१८ मध्ये सर्वांना दिसला. त्याची सुरुवात १८०३ मध्ये झाली.

या विस्मरणाइतकेच मला त्या पराभवाचे प्रचलित स्पष्टीकरण विचार करण्यासारखे वाटते. शाळेच्या पुस्तकांत, व्याख्यानमालांत, ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या प्रस्तावनांत ते पुन्हा पुन्हा भेटते. मराठ्यांनी आपला गनिमी कावा सोडला, फिरंग्यांच्या कवायती पलटणी आणि जड तोफा जवळ केल्या, आणि जे आपले नव्हते त्यानेच आपल्याला बुडवले, असा त्याचा आशय. स्पष्टीकरण सुटसुटीत आहे, आणि त्यात थोडा स्वाभिमानही राखला जातो : आपण आपल्या पद्धतीने लढलो असतो तर हरलो नसतो. या लेखात मला हेच स्पष्टीकरण तपासायचे आहे. ते रणांगणावर टिकते का, त्या युद्धाच्या पुढच्या टप्प्यावर टिकते का, ते आले कुठून, आणि त्याच्या आड काय झाकले जाते, हे चार प्रश्न मी क्रमाने घेतो.

रणांगण

२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या दोन नद्या एकमेकींना मिळण्यापूर्वी बराच काळ जवळजवळ समांतर वाहतात. त्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांचा तळ होता. कवायती पायदळ सुमारे अकरा हजार, शंभराच्या आसपास तोफा आणि मोठे घोडदळ. पायदळाचे नेतृत्व पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे होते.

समोर आर्थर वेलस्ली. दोनच दिवसांपूर्वी बदनापूरला त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सनची भेट होऊन, दोघांनी वेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला एकत्र हल्ला करावा, असे ठरले होते. नळणीजवळ आल्यावर शत्रू अपेक्षेपेक्षा फार जवळ असल्याचे वेलस्लीला कळले आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने त्याच दिवशी हल्ला करायचे ठरवले. कवायती फौज साडेचार हजारांच्या आसपास, तोफा सतरा. केळणेला उतार नाही असे वाटाडे सांगत होते. पिंपळगाव आणि वरूड ही गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दिसली, तेव्हा त्यांच्यामध्ये ये-जा असणारच, असा तर्क करून त्याने फौज तिथून उतरवली.

इथवरची गोष्ट वेलस्लीच्या चरित्रांत नेहमी येते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते यानंतरचे. इंग्रज फौज बाजूने अंगावर येते आहे हे दिसताच पोलमनच्या पलटणींनी आपली सबंध फळी फिरवून नवे तोंड धरले. तोफांसकट, ऐन लढाईच्या तोंडावर फळी फिरवणे ही मुरलेल्या फौजेची कसोटी असते. वेलस्लीला या चपळाईची अपेक्षा नव्हती. त्याच्या उजव्या बाजूचे ७४ वे रेजिमेंट आणि आघाडीच्या तुकड्या वाट चुकून असई गावाच्या तोफांपुढे गेल्या आणि जवळपास नष्ट झाल्या. त्यांना वाचवायला १९ व्या ड्रॅगून्सचे घोडदळ धावले. त्या घोडदळाचा प्रमुख मॅक्सवेल त्याच दिवशी पडला. इंग्रज फळी तोफा ओलांडून पुढे गेल्यावर, मेल्याचे सोंग करून पडलेले गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफांची तोंडे फिरवून मागून मारा सुरू केला. संध्याकाळपर्यंत इंग्रजांकडचे ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले होते. एक तृतीयांश फौज गमावलेल्या सेनापतीला पाठलागाची ताकद उरली नव्हती.

जिंकल्यानंतर लिहिलेल्या पत्रांतून वेलस्लीने या पायदळाची आणि तोफखान्याची तारीफ केली. आपल्या फौजेखेरीज हिंदुस्थानात इतके चांगले पायदळ आपण पाहिले नाही, असा त्या मजकुराचा आशय आहे. उतारवयात, वॉटर्लू जिंकून झाल्यावरही, आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून त्याने असईचेच नाव घेतल्याचे सांगतात.

त्या दिवशी शिंदे-भोसल्यांच्या बाजूने कोण कमी पडले? पायदळ आणि तोफखाना तर जागेवर लढून पडला. ज्याने लढाईचा निकाल बदलू शकला असता आणि ज्याने निर्णायक असे काही केले नाही, ते होते मोठ्या संख्येने हजर असलेले घोडदळ. म्हणजे नेमके ‘आपले’ म्हटले जाणारे अंग. दोन्ही राजांपैकी एकानेही शेवटपर्यंत रण धरले नाही. कवायती पद्धतीने बुडवले असे म्हणायला असईचे रणांगण पुरावा देत नाही.

पुढचे वर्ष

एका लढाईवरून सिद्धान्त मांडू नये, हे खरे. परंतु इतिहासाने इथे एक दुर्मीळ सोय करून ठेवली आहे. १८०३ च्या युद्धात यशवंतराव होळकर बाहेर राहिले आणि १८०४ मध्ये ते एकटे उतरले. त्यामुळे दुसरी पद्धत वापरून पाहिल्यास काय झाले असते, याची कल्पना करत बसायला नको. ते घडलेलेच आहे.

सुरुवात उत्तम झाली. मुकुंदऱ्याच्या खिंडीपलीकडे घुसलेल्या कर्नल मन्सनला १८०४ च्या जुलैमध्ये माघार घ्यावी लागली. भर पावसात, पूर आलेल्या नद्या ओलांडत, तोफा टाकून देत, होळकरांच्या स्वारांचे लचके सोसत ही फौज ऑगस्टअखेर आग्र्याला पोचली तेव्हा तिची दैना झालेली होती. गनिमी काव्याचे समर्थक या माघारीचा दाखला देतात आणि तो योग्यच आहे.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. १३ नोव्हेंबरला डीगला होळकरांचे पायदळ आणि तोफखाना मोडला. त्यानंतर चारच दिवसांनी, १७ नोव्हेंबरच्या पहाटे, फर्रुखाबादेजवळ खुद्द यशवंतरावांच्या घोडदळाचा तळ जनरल लेकने झोपेत गाठला. लेकचे घोडदळ चोवीस तासांत सत्तर मैलांहून अधिक मजल मारून आले होते. ज्या वेगावर गनिमी काव्याची सारी मदार, तो वेग आता शत्रूकडेही होता. खुद्द आर्थर वेलस्लीने हा धडा १८०० मध्येच धोंडिया वाघाचा पाठलाग करताना गिरवला होता. भर पावसाळ्यात, नावांची तजवीज करून, रसद बैलांवर घालून त्याने कृष्णा-तुंगभद्रेच्या मुलखात धोंडियाला महिनोन्‌महिने पिटाळले आणि १० सप्टेंबर १८०० रोजी कोणगलजवळ गाठून मारले. हलक्या घोडदळाला गाठायचे तंत्र कंपनीने असईच्या तीन वर्षे आधीच अवगत केले होते.

उलट, लेकला खरोखर थोपवले ते भरतपूरच्या मातीच्या तटाने आणि त्यावरच्या तोफांनी. १८०५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत त्याचे चार हल्ले फसले आणि तीन हजारांहून अधिक माणसे कामी आली किंवा जायबंदी झाली. म्हणजे त्या दोन वर्षांत इंग्रजांना सर्वांत महाग पडलेली ठिकाणे कोणती, तर असई, लासवारी आणि भरतपूर. तिन्ही ठिकाणी त्यांच्यापुढे स्थिर पायदळ, तट किंवा तोफा होत्या.

स्पष्टीकरण आले कुठून

मग हे स्पष्टीकरण रूढ कसे झाले? त्याचा एक उगम आपल्याकडेच आहे. पानिपतावर भाऊसाहेबांनी इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावर भिस्त ठेवली आणि मल्हारराव होळकरांचा गनिमीचा सल्ला मानला नाही, हा वाद बखरींतून आलेला आहे. त्यामुळे जमीन तयार होती.

दुसरा उगम जेत्याच्या दौतीत आहे. वेलस्लीच्या पत्रव्यवहारात असेही मत सापडते की, शिंद्यांनी युरोपियन अधिकारी आणि पायदळ कधीच ठेवले नसते, जुन्या मराठ्यांसारखे केवळ घोड्यावरून युद्ध केले असते, तर ते अधिक भारी पडले असते. ज्या लेखणीने त्या पायदळाची तारीफ केली तिनेच हे लिहिले. यात लबाडी आहे असे मला म्हणायचे नाही. पायदळाला आणि तोफांना गाठता येते, रिकाम्या स्वारांना गाठायला वेळ लागतो. मोहीम लवकर संपवू पाहणाऱ्या सेनापतीला तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते एका बाजूच्या सोयीचे मत आहे. आपण ते आपल्या अनुभवाचे सार म्हणून स्वीकारले.

हे मत ज्या वर्तुळात वावरले त्याचीही नोंद घेतली पाहिजे. असईच्या दिवशी वेलस्लीबरोबर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नावाचा तेवीस वर्षांचा तरुण होता. पुढे तो नागपूरला रेसिडेंट झाला, मग पुण्याला, आणि पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर. त्याच्याच हाताखाली तयार झालेला ग्रँट डफ साताऱ्याला नेमला गेला आणि त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो लवकरच ‘मराठ्यांची बखर’ म्हणून मराठीत उतरला आणि आपल्या मुलांनी आपला इतिहास त्यातून वाचला. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ च्या सुमारास, विद्यार्थी असताना, या बखरीवर टीका लिहून मराठी इतिहाससंशोधनाला वळण दिले. जेत्याचे पुस्तक तपासून घ्यायचे असते, ही कीर्तन्यांची शिकवण. तिच्या कक्षेत जेत्याची युद्धनीतीविषयीची मतेही यायला हवीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

जेत्याला खरोखर कशाची भीती होती, हे त्याच्या मतांपेक्षा त्याच्या तहांत अधिक स्पष्ट दिसते. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांवर अशी अट घातली गेली की, फ्रेंच किंवा इंग्रजांशी युद्धात असलेल्या कोणत्याही देशाचा माणूस त्यांनी नोकरीत ठेवू नये. आणि इंग्रज प्रजाजन कंपनीच्या संमतीवाचून ठेवू नये. कवायती फौज हे शिंद्यांचे दुबळेपण असते तर ते तसेच राहू देणे कंपनीच्या फायद्याचे होते. शत्रूची कमजोरी दूर करण्यासाठी कोणी तहात कलम घालत नाही.

पगार आणि फितुरी

या फौजेची खरी कमजोरी कुठे होती, ते आता पाहू. महादजींनी १७८४ मध्ये सॅव्हॉयच्या डी बॉयनला नोकरीत घेतले आणि कंपू उभे राहिले. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे त्यांनी आपला दर्जा दाखवला. आग्र्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या. या फौजेचे रहस्य कवायतीइतकेच वेळेवर मिळणाऱ्या पगारात होते. त्यासाठी दुआबातला, अलिगढच्या आसपासचा सुपीक मुलूख तोडून दिलेला होता. त्याचा वसूल थेट सेनापतीच्या हाती जाई आणि त्यातून पलटणींचा खर्च भागे.

या व्यवस्थेत दोन भेगा होत्या. सेनापती परका होता आणि खजिना त्याच्याच हातात होता, ही पहिली. महादजी १७९४ मध्ये वारले, डी बॉयन पुढे निघून गेला आणि त्याच्या जागी पेराँ आला. दुसरी भेग दक्षिणेत पडली. दौलतरावांच्या फौजेचा पगार तुंबत गेला. तो भागवण्यासाठी १७९८ मध्ये सर्जेराव घाटग्याने पुण्याच्या सावकार-गृहस्थांना लुटले. महादजींच्या विधवांशी घरातच युद्ध पेटले. १८०० मध्ये नाना फडणीस गेले आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ होळकरांनी शिंदे-पेशव्यांची फौज मोडली. बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने कंपनीशी तह केला. सहा हजार तैनाती पायदळ आणि त्याच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख. फौजेला मुलूख लावून देण्याची महादजींचीच युक्ती होती. फरक एवढाच की इथे मुलूख पेशव्याचा आणि फौज कंपनीची.

ऑगस्ट १८०३ अखेर गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने, म्हणजे आर्थरच्या थोरल्या भावाने, जाहीरनामा काढला : शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांची कंपनी सोय लावील. एकामागून एक अधिकारी निघून गेले. ४ सप्टेंबरला अलिगढ पडले आणि पेराँ लवकरच आपली संपत्ती घेऊन कंपनीच्या आश्रयाला गेला. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई झाली. त्यानंतर काही दिवसांत तिथला सेनापती बुर्क्याँही शरण आला. असईची लढाई व्हायच्या आधीच शिंद्यांचा अर्धा लष्करी कणा असा रिकामा झाला होता. यशवंतरावांना हा धोका कळला होता. १८०४ मध्ये इंग्रजांशी लढायला नकार देणाऱ्या व्हिकर्स, डॉड आणि रायन या आपल्या अधिकाऱ्यांची त्यांनी डोकी मारली. उपाय क्रूर होता, पण रोगाचे निदान त्यात आहे.

१ नोव्हेंबरला लासवारी येथे, वरिष्ठ युरोपियन अधिकारी निघून गेलेले असताना, शिंद्यांच्या उत्तरेतल्या उरलेल्या पलटणी लढल्या. लेकने दुसऱ्या दिवशी कबुली दिली की, यांच्यावर फ्रेंच अधिकारी असते तर निकालाची खात्री देता आली नसती. म्हणजे शिपाई जागेवर होता. पळाले ते त्याचे सेनापती.

तहांचा हिशेब

२९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड आणि मग दोन तह. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला. कटकमुळे कंपनीचे बंगाल आणि मद्रास इलाखे जमिनीने जोडले गेले. सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली-आग्र्याचा मुलूख, भडोच आणि अहमदनगर सोडले. बादशहा कंपनीच्या ताब्यात गेला.

इथे असईचा खरा राजकीय परिणाम दिसतो. मेलेले शिपाई आणि गमावलेल्या तोफा पुन्हा उभ्या करता येतात. महादजींनी शून्यातून उभ्या केल्याच होत्या. पण ज्या मुलखाच्या वसुलातून त्या उभ्या राहिल्या तो मुलूखच गेला. पुढे भरतपूरचे अपयश आणि वाढते कर्ज पाहून कंपनीच्या संचालकांनी लॉर्ड वेलस्लीला परत बोलावले आणि नोव्हेंबर १८०५ च्या नव्या तहात शिंद्यांना ग्वाल्हेर आणि गोहद परत मिळाले. किल्ला परत मिळाला. दुआब मिळाला नाही. काय परत करायचे आणि काय नाही, हे कंपनीला नेमके ठाऊक होते.

त्याचे फळ चौदा वर्षांनी दिसले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानात पेशव्यांची फौज इंग्रजांवर चालून गेली. त्याच तारखेला ग्वाल्हेरीस दौलतरावांनी कंपनीशी तह करून स्वतःला युद्धाबाहेर ठेवले. खडकीला पेशव्यांचे सेनापती होते बापू गोखले. हेच बापू गोखले १८०३ च्या मोहिमेत, निपाणकर आप्पा देसायांसह, पेशव्यांचे घोडदळ घेऊन वेलस्लीच्या छावणीत होते. १८०३ मध्ये शिंदे लढत असताना गोखले समोरच्या बाजूला होते. १८१७ मध्ये गोखले लढत असताना शिंदे तह करत होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला गोखले मारले गेले. या घटनाक्रमात गनिमी कावा की कवायत हा प्रश्न कुठेच उभा राहत नाही.

ज्यांचे कोणी नाही

असई आपल्या स्मरणात का राहिली नाही, या प्रश्नाचे उत्तरही इथेच असावे. तोफांपाशी मरून पडलेले गोलंदाज आणि फळी न सोडणारे शिपाई बहुतांशी अवध, दुआब, रोहिलखंड या भागांतले होते : पुरभय्ये, राजपूत, मुसलमान. त्यांच्यावर पोवाडे रचणारे कोणी त्यांच्यासोबत दक्षिणेत आले नव्हते. ते शिंद्यांसाठी लढले, पण ‘मराठे’ या शब्दाचा अर्थ आपण जसजसा आवळत नेला तसतसे ते बाहेर पडले. आणि आपले म्हणावेत असे जे सरदार होते त्यांची त्या दिवसाची कामगिरी गाण्यासारखी नव्हती. उलट समोरच्या बाजूने असईचे स्मरण नीट जपले. तिथे लढलेल्या मद्रासी शिपायांच्या परंपरेतली आजची भारतीय सेनेतली मद्रास रेजिमेंट आपल्या चिन्हावर असईचा हत्ती वागवते.

गनिमी काव्याची महती मला कमी करायची नाही. शिवकाळात आणि राजाराम-ताराबाईंच्या काळात त्याने राज्य वाचवले. पण तेव्हा त्याच्या मागे एक ठरलेले राजकीय ध्येय होते. १८०३ मध्ये नसलेली गोष्ट ती होती. पराभवाचा दोष शस्त्राला दिला की तो दोष माणसांना द्यावा लागत नाही. पगार थकवणारे, पुणे लुटणारे, शेजाऱ्याच्या युद्धात तटस्थ बसणारे आणि गादीसाठी परक्याची फौज घरात आणणारे सगळे त्या स्पष्टीकरणाच्या आडोशाला उभे राहतात. तो आडोसा काढून घेतला तर असईच्या शेतात शेवटी दोनच गोष्टी उरतात : वेळेवर पगार मिळण्याची खात्री नसताना जागा न सोडलेला एक शिपाई, आणि त्याला तिथे सोडून गेलेले एक राज्य.